घळ कोणी कोरली?

एक होती घळ. चांगली खोल. वरून हाक मारली तर खाली ऐकू यायची, पण खालच्या माणसाला वर यायला धाप लागायची. त्या घळीच्या काठावर होतं एक गाव, कपारवाडी. गाव गुणाचं, माणसं मायेची. पण घळीचा विषय निघाला की कपारवाडीकर कोणाच्या बापाचं ऐकत नसत.

कपारवाडीत लहानपणापासून सांगत, की फार पूर्वी इथे सगळी सपाट जमीन होती. मग एका रात्री पूर आला. असा तसा नव्हे, त्याने उजाडेपर्यंत डोंगर चिरून ही घळ केली आणि सकाळी निघून गेला. झालं काम! तेव्हापासून घळ जशी होती तशीच आहे, खडाही हललेला नाही. आता ज्या गावाला असं शिकवलं ते गाव वागणार कसं? तिथे सगळी कामं एका दमात व्हायची. शेवटच्या दिवसापर्यंत कोणी हलायचं नाही, मग एका दिवसात सगळी नांगरट उरकायची आणि दुसऱ्या दिवशी सगळा गाव कंबर धरून बसायचा.

घळीच्या खालच्या अंगाला दुसरं गाव होतं, झिरेवाडी. तिथले लोक म्हणत, पूर-बीर काही नाही हो. तळाशी तो बारकासा ओढा वाहतो ना, त्यानेच थेंबाथेंबाने दगड झिजवला. अजून झिजवतोच आहे. त्याला घाई नाही, मग आपल्याला कशाला? त्यामुळे झिरेवाडीत आजोबांनी बांधायला घेतलेली भिंत नातवाच्या हातून पुरी व्हायची, तीही झाली तर.

अशा दोन गावांत सोयरीक करू नये, हे तुम्हाला कळतं, मला कळतं. लग्न जमवणाऱ्यांना तेवढं कळलं नाही. कपारवाडीच्या तुळाजीचं लग्न झिरेवाडीच्या राहीशी झालं.

संसार मात्र छान चालला. तुळाजी दिलदार गडी, हसायला लागला की गोठ्यातल्या म्हशी बिचकायच्या. राही बोलायला तिखट आणि मनाने मऊ. दोघांचं सगळ्या बाबतीत जमायचं, फक्त घळीचं नाव काढायची सोय नव्हती. जेवताना नाव निघालं की ताटातलं गार होईपर्यंत वाद चालायचा, आणि मग तेच गार जेवण दोघं गुपचूप जेवायची.

अडचण वेगळीच होती. ती दोघं राहायची थोरल्या भावाच्या घरात, ओसरीच्या एका कोपऱ्यात. जाऊबाई चांगली होती, पण चूल तिची होती. राहीला वाटायचं, आपली स्वतःची चूल असावी. मीठ आपल्या हाताने ठेवावं आणि अंधारात हात घातला तरी ते तिथेच सापडावं. रोज रात्री डोळे मिटायच्या आधी ती मनातल्या मनात ते घर झाडून-सारवून ठेवायची. किती वर्षं झाली, तरी ते घर मनातच होतं.

शेवटी एक दिवस पाटलांनी दोघांना बोलावलं. म्हणाले, "मागच्या माळापासून घळीच्या काठापर्यंत, आणि काठावरून खाली ओढ्यापर्यंत, ही सगळी पट्टी तुमची. हवं तिथे घर बांधा. पण आपली रीत ठाऊक आहे ना?"

रीत सगळ्यांना ठाऊक होती. कपारवाडीत नवं घर बांधायचं तर सगळं गाव दगड वाहायला येई, पण एका जोडप्यासाठी एकदाच. घर पडलं, वाहिलं, काही झालं, तरी गाव दुसऱ्यांदा दगड उचलत नसे. म्हणून आधी जागा पारखायची. जिथे घर बांधायचं तिथे पाल्यापाचोळ्याची खोप घालायची आणि एक पावसाळा तिच्यात काढायचा. जागेने पावसाळा धड काढला, तर पाया खणायचा.

"काठावर बांधू," तुळाजी लगेच म्हणाला. "खाली अखंड काळा दगड आहे. पुराला जे न्यायचं होतं ते त्याने कधीच नेलं, उरलं ते पक्कं. आणि वारा काय सुटतो तिथे!"

"वारा खाऊन राहायचंय का?" राही म्हणाली. "रोजचं पाणी वर कोण चढवणार, तुमचा वारा? खाली बांधू, ओढ्याकाठी. दारात पाणी, गाळाची माती, परसात भाजी. ओढा बघा की, घोट्याएवढा. हळूहळू काम करणारा गरीब जीव तो. आपलं काय वाकडं करणार?"

"अगं, त्या घळीत ऊनसुद्धा उशिरा येतं!"

"आणि तुमच्या काठावर पाहुणासुद्धा यायला घाबरेल!"

बराच वेळ हे चाललं. पाटलांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "बाबांनो, तू वर खोप घाल, तू खाली घाल. बसा आपापल्या ठिकाणी. काय ते पावसाळाच सांगेल. मला जेवायला जाऊ द्या."

हसू नका. नवरा-बायकोने दोन खोपी घातल्याचं त्या गावानेही कधी पाहिलं नव्हतं. मृग लागला तशी तुळाजीने काठावर खोप उभी केली, अर्थातच एका दिवसात. राहीने खाली ओढ्याच्या बाजूला घातली, रोज थोडी थोडी. स्वयंपाक राहीकडे, कारण पाणी तिच्याकडे. दुपारी तुळाजी नागमोडी पायवाटेने खाली यायचा, जेवायचा, पाण्याची घागर खांद्यावर घेऊन वर जायचा. संध्याकाळी दोघं आपापल्या खोपीच्या दारात बसून एकमेकांशी ओरडून बोलायची. त्यांचं बोलणं ऐकायला गावातली मंडळी काठावर येऊन बसू लागली. कोणी शेंगा आणायचं, कोणी कणसं. एवढी करमणूक गावात जत्रेलाही होत नसे.

खाली राहीला एक छान जागा सापडली होती. घळीचा काळा दगड खूप उंच, पण त्याच्या पायथ्याशी तांबड्या, भुसभुशीत मुरुमाचा एक जाड पट्टा होता. तो आत झिजून काळ्या दगडाखाली गुहेसारखी पोकळी झाली होती. पाऊस आला की राही तिथे शेळी बांधायची. रोज सकाळी तिथे मुरुमाचा छोटासा ताजा ढीग पडलेला असायचा. राही तो झाडून काढायची आणि खूश व्हायची. "बघा हो," ती वर ओरडून सांगायची, "माझी खोली आपोआप मोठी होतेय! काही करावंच लागत नाही!"

वर तुळाजीही खूश होता. त्याच्या खोपीच्या मागून, घळीला समांतर, खडकात एक बारीक भेग गेली होती. पाऊस कितीही पडो, खोपीत पाणी साठायचं नाही, सगळं त्या भेगेतून कुठेसं जिरायचं. "इकडे बघ म्हणावं," तो खाली सांगायचा, "देवाने मोरी करून ठेवलीय! माझ्या जागेला चिखल कसला तो ठाऊक नाही!"

दोघंही आपापल्या जागेवर अशी खूश होती. पाऊस पडत होता आणि दिवस मजेत चालले होते.

एकदा राहीला ओढ्यापलीकडच्या भिंतीतून सुटलेली एक पातळ शिळा सापडली. घळीची ती बाजू भाकऱ्यांच्या चवडीसारखी थरांची होती, त्यातलाच एक तुकडा. तिने तो धुतला आणि तिचे डोळे चमकले. दुपारी तुळाजी जेवायला बसला तसा तिने तो त्याच्या ताटासमोर ठेवला.

"काय दिसतंय?"

"दगड."

"त्याच्यावर काय दिसतंय?"

तुळाजीने वाकून पाहिलं. "पक्ष्याचं पाऊल. तीन बोटांचं."

"आणि आजूबाजूला?"

"भेगा. तळं आटल्यावर चिखलाला पडतात तशा."

"म्हणजे इथे चिखल होता. त्यावर पक्षी चालला. मग चिखल उन्हात वाळला, तडकला. मग त्याच्यावर दुसरा थर बसला, आणि केव्हातरी सगळ्याचा दगड झाला. बरोबर?" राही कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आता सांगा, तुमचा पूर एका रात्रीत सगळं उरकत होता, तेव्हा हा पक्षी कुठे फिरत होता? की पूर म्हणाला, जा बाबा, तू जरा फिरून ये, ऊन खा, मी थांबतो?"

आता दुपारीही काठावर जमणाऱ्या मंडळींत हशा पिकला. तुळाजीने बराच वेळ घास चावला. "पोहणारा पक्षी असेल," तो म्हणाला.

"पोहणाऱ्याचं पाऊल उमटतं होय?"

"अजून एक भाकरी वाढ," तुळाजी म्हणाला.

पण गडी हार मानणारा नव्हता. चार दिवसांनी तो जेवायला आला तो भिंतीकडे बोट दाखवतच. "ती शिळा बघ. रेड्याएवढी आहे. दोन थरांच्या मध्ये बसलीय. रंग बघ, पिवळट. असला दगड इथे कुठेच नाही, तो थेट वरच्या डोंगरात मिळतो. आता सांग, ही तुझ्या थेंबाने आणली?"

राही अडखळली. "हळूहळू आणली असेल."

"कडेवर घेऊन?"

वरचे लोक पोट धरून हसले. राहीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिने त्या दिवशी तुळाजीच्या आमटीत पाणी वाढवलं.

खरं तर तेव्हाच त्या दोघांनी जरा डोकं चालवलं असतं, तर गोष्ट इथेच संपली असती आणि मीही लवकर उठलो असतो. पक्ष्याचं पाऊलही खरं होतं आणि रेड्याएवढी शिळाही खरी होती. पण प्रत्येकाने आपला दगड तेवढा जपून ठेवला आणि दुसऱ्याच्या दगडाकडे पाठ फिरवली. माणसाचं असंच असतं, मी कोणाला नावं ठेवत नाही.

श्रावण अर्धा झाला. एक दिवस जाऊबाईने तुळाजीसाठी गाडगंभर ताक पाठवलं. तुळाजी ते घेऊन खोपीत शिरायला गेला, पाय अडकला, आणि सगळं ताक सांडलं. सांडलं ते सरळ मागच्या भेगेत गेलं. "अरेरे!" तुळाजी वरून ओरडला. "राही, ताक गेलं गं! एक घोटसुद्धा उरला नाही!"

राही तेव्हा खाली त्या पोकळीत शेळीला पाला घालत होती. ती हसली. हसता हसता तिच्या हातावर वरून एक थेंब पडला. मग दुसरा. तिने पाहिलं तर थेंब पांढरा. तिने जिभेला लावून बघितला. आंबट. ताक!

तिचं हसू थांबलं. तिने वर पाहिलं. पोकळीच्या छतात एक काळी रेघ होती आणि तिच्यातून ताक ठिबकत होतं. म्हणजे ती भेग वरून थेट इथपर्यंत आली होती. आख्खा काठ, त्याच्यावरची खोप आणि खोपीतला नवरा, सगळं मूळच्या डोंगरापासून सुटून नुसतं टेकून उभं होतं. आणि ज्या मुरुमावर ते टेकलं होतं तो मुरूम रोज थोडा थोडा गळत होता. तोच मुरूम ती रोज सकाळी हौसेने झाडून टाकत होती.

ती ओढ्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि वर तोंड करून ओरडली, "अहो! खोप सोडा! लगेच सोडा! तुमच्या खालचं सगळं पोकळ झालंय!"

"काय?"

"पोकळ! तुमचं ताक माझ्या हातावर ठिबकतंय! तुमची ती मोरी नाही, काठ तुटतोय तुमचा!"

तुळाजीने टाच जोरात आपटून पाहिली. दगड ठणठणीत वाजला. "अगं, घण घातला तरी हलायचा नाही हा! पुराने घासून पुसून ठेवलेला आहे."

"पुराचं राहू द्या हो! रोज थोडं थोडं झिजतंय ते, मी माझ्या डोळ्यांनी बघतेय. खाली येऊन बघा!"

"रोज थोडं थोडं!" तुळाजी हसला. "झिरेवाडीचंच बोलणं ते. मला काठावरून हलवायचंय तुला, कळतं मला. ताकावरूनसुद्धा वाद घालशील तू!"

राही संतापली. डोळ्यांत पाणी आलं, ते तिने पदराने पुसलं आणि खोपीत जाऊन बसली. त्या दुपारी तिने भाकरी केली नाही. तुळाजीही उतरला नाही.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. घळीतून जेवढं आकाश दिसतं तेवढं सगळं निळंभोर. राहीने ओढ्याच्या गोट्यांवर गोधडी वाळत घातली. मनातून तिला काही सुचत नव्हतं, पण तोंडाने ती पुटपुटत होती. हेकट माणूस आहे, पडेल तेव्हा कळेल. पडेल म्हणता म्हणता तिचेच डोळे भरून यायचे.

तेवढ्यात वरून हाक आली. "राही! वर ये! पूर येतोय!"

तिने मान वर केली. निळं आकाश, कोरडं ऊन. ओढा घोट्याएवढा. "हो का?" ती ओरडली. "कालचा राग काढताय होय? काल मी म्हणाले खाली या, तर आज तुम्ही म्हणताय वर ये!"

"अगं, खरंच! वरच्या डोंगरावर ढग फुटलाय! इथून दिसतंय मला, उतारावरून गढूळ पाणी येतंय, झाडं घेऊन येतंय!"

"एका दमात ना? सगळा डोंगर चिरत? सांगा तुमच्या आज्याला!"

"राही, पाया पडतो गं तुझ्या, ये!"

"पुरावा दाखवा आधी!"

मग तुळाजीचा आवाज आला, पण तो नेहमीचा नव्हता. तो रडवेला होता. "तुझं खरं!" तो ओरडला. "ऐकलंस का? तुझंच खरं! पूर-बीर काही आला नव्हता! थेंबानेच केली ही घळ! माझा बाप खोटा, आजा खोटा, पणजा खोटा, सगळी कपारवाडी खोटी! तू जिंकलीस, मी हरलो! फक्त वर ये!"

हे वाक्य ऐकायची राही लग्न झाल्यापासून वाट बघत होती. पण ते कानावर पडलं तेव्हा तिला आनंद झाला नाही, तिच्या अंगावर सरसरून काटा आला. कारण तिला तिचा नवरा ठाऊक होता. हा माणूस जीव गेला तरी हरायचा नाही. तो हरायला तयार झाला, म्हणजे पूर खरंच येतोय.

तिने गोधडी टाकली, चूल टाकली, भांडी टाकली. शेळीचं दावं सोडलं आणि तिला पुढे घालून पायवाटेला लागली. अर्ध्या वाटेवर तिला तो आवाज ऐकू आला. आधी लांबून घरघर, मग सगळ्या घळीतून एकच गडगडाट. तिने मागे वळून पाहिलं नाही. ती वर पोचली, तुळाजीने तिचा हात धरून तिला ओढून घेतलं, आणि खालून तांबडं पाणी झाडं-झुडपं आणि धोंडे लोटत धावत गेलं. खोप, चूल, गोधडी कुठे गेली ते दिसलंसुद्धा नाही.

तुळाजीने तिला घट्ट धरलं. दोघंही रडत होती आणि हसतही होती. मग तुळाजीची नजर खाली गेली, आणि काय सांगू! गड्याच्या तोंडावर ऊन पडल्यासारखं झालं. बापाकडून, आज्याकडून ऐकलेला पूर आज तो प्रत्यक्ष बघत होता. तिचा हात सोडून तो थेट काठावर गेला आणि टाळ्या पिटू लागला. "बघ, बघ! रेड्याएवढी शिळा गेली बघ गडगडत! म्हणत होतो ना मी?"

राहीला पायांखाली थरथर जाणवली. पुराचं पाणी त्या भुसभुशीत मुरुमावर धडका देत होतं. तिने भेगेकडे पाहिलं. तिच्यात काडीही जात नाही असं तुळाजी सांगायचा. आज तिच्यात तळहात सहज गेला असता. ती भेगेच्या अलीकडे, माळाच्या बाजूला उभी होती. तुळाजी पलीकडे होता.

"अहो, मागे या!"

"थांब गं! जन्मात एकदा बघायला मिळतंय!"

ओरडून उपयोग नव्हता. काल ओरडूनही उपयोग झाला नव्हता. झिरेवाडीतला राहीचा बाप, आजा, आजी, सगळे तिच्या डोळ्यांपुढे आले. मनातल्या मनात तिने त्यांची क्षमा मागितली आणि ती हळूच तुळाजीला म्हणाली, "तुमचंच खरं होतं हो."

तुळाजीने चटकन मान वळवली. "काय म्हणालीस?"

राही एक पाऊल मागे सरकली आणि आवाज आणखी बारीक केला. "घळ पुरानेच केली."

"ऐकू येत नाही! पाण्याचा आवाज आहे! मोठ्याने म्हण!"

ती आणखी मागे गेली, आणि नुसते ओठ हलवले. तुळाजीला राहवेना. असलं वाक्य बायकोच्या तोंडून ऐकायचं आणि ते नीट ऐकू येऊ नये? तो काठ सोडून तिच्याकडे धावत आला, भेगेवरून उडी मारून. "पुन्हा म्हण! पुन्हा एकदा म्हण!"

राहीने त्याचा सदरा मुठीत धरला आणि त्याला ओढत माळावर नेलं. तेव्हाच मागे ढगांच्या गडगडाटासारखा आवाज झाला. दोघांनी वळून पाहिलं. काठ नव्हता. खोप नव्हती. काळ्या दगडाचा घराएवढा मोठा तुकडा खाली पुरात गेला होता आणि वर धूळ उडत होती.

तुळाजीने विचारलं, "काल तू हेच सांगत होतीस?"

"हेच."

"मला वाटलं, वादच घालतेयस."

"मलाही आज तसंच वाटलं होतं," राही म्हणाली, आणि मग मात्र तिला एवढं रडू आलं की तुळाजीला आपलं रडू आवरून तिला समजवावं लागलं.

आवाज ऐकून गाव धावत आला. पाटलांनी वर पाहिलं, खाली पाहिलं. "खालची जागा नापास, वरचीही नापास," ते म्हणाले. "आता राहिला मागचा माळ. उरलेला पावसाळा तिथे काढा. आणि कृपा करून एकाच खोपीत काढा."

माळावर ना वारा होता तुळाजीला हवा तसा, ना दारात पाणी होतं राहीला हवं तसं. पण उरलेला पावसाळा माळाने निमूट काढला. कार्तिकात गावाने दगड वाहिले आणि घर उभं राहिलं. राहीने आपली चूल पेटवली त्या दिवशी तुळाजी उगीचच चार वेळा आत येऊन चूल बघून गेला.

पूर ओसरल्यावर एक दिवस दोघं घळीत उतरली. राहीच्या खोपीच्या जागी वीतभर जाड, गुळगुळीत गाळ पसरला होता. एका दुपारचं काम. मध्येच एक पिवळट धोंडा रुतून बसला होता. राही त्याच्याकडे बघत राहिली. "शिळा अशी येते होय," ती म्हणाली.

गाळ उन्हात वाळला होता, त्याला भेगा पडल्या होत्या, आणि त्याच्यावरून एक टिटवी तुरुतुरु चालत गेली होती. तिच्या पावलांपाशी तुळाजी उकिडवा बसला. मग त्याने मान वर करून घळीची भिंत पाहिली. थरावर थर, थरावर थर, नजर पोचेपर्यंत.

"राही, एवढ्या एका गाळाला वाळायला किती दिवस लागले," तो हळूच म्हणाला. "दगड व्हायला तर आपली नातवंडं-पतवंडं जातील. आणि हे असे किती थर! प्रत्येकावर केव्हातरी ऊन पडलंय, पाखरं चाललीत. आणि एवढं सगळं साचून दगड झाल्यावर मग त्याच्यातून ही घळ झिजली. एका रात्रीचं काम नाही गं हे. आमच्या आज्याला काळाचा अंदाजच नव्हता."

"पूर मात्र आले होते," राही म्हणाली. "पुष्कळ आले असतील. चार दिवसांचं पाहुणेपण करून गेले आणि कधीकधी जाताना मोठा लचका तोडून गेले. मुरूम झिजवला रोजच्या पाण्याने, काठ पाडला पुराने. आमच्या गावाने त्यांचं नावसुद्धा घेतलं नाही."

ही बातमी दोन्ही गावांत गेली. दोन्हीकडची माणसं निकाल ऐकायला माळावरच्या घरी आली, अंगणात बसली, आणि म्हणाली, "आता एकदा सांगून टाका. घळ कोणी कोरली? खरं कोण?"

"उठा, घळीत चला. मी दाखवतो," तुळाजी म्हणाला.

"आणि मग वर काठापाशी चला, मी दाखवते," राही म्हणाली. "काठापासून चार हात लांबून बघायचं मात्र."

लोक कुरकुरले. त्यांना एक उत्तर हवं होतं, आणि पदरात पडली एक उतरण आणि एक चढण. काही जण तिथूनच घरी गेले आणि आपापल्या ओसरीवर बसून पुन्हा तेच भांडू लागले. जे खाली उतरले, ते मात्र बराच वेळ वर आले नाहीत. वर आले तेव्हा कपारवाडीचा एक म्हातारा झिरेवाडीच्या म्हाताऱ्याला हात देऊन चढवत होता, आणि दोघंही एकमेकांना विचारत होते, "तुम्हाला काय दिसलं?"

तर बाळांनो, तात्पर्य असं: आपल्या पायाखालचं आपल्याला दिसत नाही, ते समोरच्याला दिसतं. म्हणून कोणी ओरडून सांगत असेल, तर तो वादात कोणत्या बाजूचा हे नंतर बघावं, आधी तो दाखवतोय ते बघावं.